गळा सव्वापंधरा, जरा ढिला

नाही, तुम्हीच सांगा, गळ्याचं माप आकड्यात नाही तर कशात असतं? अन् ते यंत्र मला, शर्ट शिवून म्हाताऱ्या झालेल्या माणसाला, बजावतंय... अक्षर आहे, अंक नाही!

तुम्हाला सांगतो, दुकानात हल्ली पाल फिरकते, गिऱ्हाईक फिरकत नाही. मुलगा म्हणाला, "बाबा, जागा मोबाईल दुरुस्तीवाल्याला देऊन टाकू." सून मध्ये पडली. वेबसाइट बनवणं हीच तिची नोकरी. "मी दुकानाचं पान काढते, लोक घरबसल्या मापं भरतील. रविवारपर्यंत एक ऑर्डर आली तर दुकान राहील, कबूल?" तो म्हणाला, कबूल. मला कुणी विचारलंच नाही!

तर आज रविवार. ती कापायच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसली. गळ्यासाठी चौकट केली, त्यातलं माप कापडाच्या हिशेबाकडे पाठवलं, की खाली लाल नागमोडी रेघ! नवशिक्याच्या टिपेसारखी. काय म्हणे? अक्षर आहे, अंक नाही.

"बाबा, चौकटीत काहीही भरलं तरी त्याला ते अक्षरच."

"पंधरा लिहिलं तरी?"

"तरी. आपण त्याचा अंक करून द्यायचा."

केला. रेघ गेली. म्हटलं, बघू. भरलं माप: सव्वापंधरा, जरा ढिला. शिंप्याने याहून नेमकं काय लिहायचं? तर उत्तर आलं, 'अंक नाही'.

"म्हणजे परत अक्षर?"

"नाही हो, याचा प्रकार अंकच. हा 'अंक नाही' नावाचा अंक."

अहो, माणसाने डोकं कुठे आपटायचं?

"बाबा, 'जरा ढिला' म्हणजे नक्की किती?"

"माणूस बघून ठरतं ते."

"यंत्राला माणूस दिसत नाही."

"मग शिवणकामात कशाला कडमडलंय?"

तिने ढिल्याची चौकट वेगळी काढली, सव्वाचे दशांश केले, दुपार टळली... अन् पुन्हा लाल रेघ! या खेपेला 'गिऱ्हाईक' या शब्दाखाली. म्हटलं, हेही अक्षर आहे, अंक नाही? सून टेबलावरची टेप गुंडाळायला लागली.

"बोल की."

"म्हणतंय... गिऱ्हाईक कदाचित नसेलही."

सकाळपासून पहिल्यांदा ते बोललं अन् मला पटलं.

"मनाला लावून घेऊ नका, ते सगळ्यांनाच असं म्हणतं. गिऱ्हाईक नसेल तर काय करायचं, तेवढं सांगायचं त्याला."

"काय करायचं?"

"रिकामं पान दाखवायचं."

लिहिलं तिने. लाल रेघा झाडून सगळ्या गेल्या. पान चालू झालं. आम्ही दोघं ऑर्डरच्या आशेने त्याच्याकडे बघत बसलो. दिवे लागले तसा मुलगा आला, लॅपटॉपच्या पडद्यात डोकावला.

"काही चुकलंय का?"

"एकही चूक नाही," ती म्हणाली.

रिकामं पान, तुम्हाला सांगतो, अगदी बिनचूक! मुलाने दुकानाची किल्ली मागितली. दिली. त्यावर यंत्राने एका शब्दानेही हरकत घेतली नाही.