दुखवट्यात राहिलेला दावा

—नाय दादा, मोजायचा फिता हितंच थांबवा, ओटीवर नका चढू. बसा, पाणी देते. घर रिकामं करायचं ते कळलं मला, कागद नका दाखवू, वाचता येत नाय. पण आम्ही केस हरलो असं तुमच्या शेठला सांगू नका हां — हरायला ती चालायला पायजे ना? कागदावर नाव चुलत दिराचं, हरिचंद्र भावजीचं, राहनारे आम्ही, मग घर कुनाचं — हे जजसाहेबानं कधी विचारलंच नाय. नुसत्या तारखा. भाताची लावणी आली की आम्ही तारीख मागायची, त्यांच्या पोरीचं लगीन निघालं की त्यांनी. माझे मालक नि हरिचंद्र भावजी कोर्टात जायचे तेपन बरोबर — भांडन एकमेकांशी, भाकरी एका फडक्यात. हसताय काय, शिरगावात तवा असंच होतं.

मग भावजी वारले. वकील म्हनला, तीन महिन्यांत त्यांच्या बायकोचं, विठाचं, नि पोराचं नाव दाव्यात लावा, नायतर दावा बाद. आता तुम्हीच सांगा — मयत झालेल्या घरात कोर्टाचा मानूस धाडायचा? विठाचं कुंकू पुसलं तवा मी तिला धरून बसलेली, नि तिच्याच दारात नोटीस? मालक म्हनले, वर्षश्राद्ध होऊ दे, तोवर नाय. वर्षश्राद्धाला जेवलो, दुसऱ्या दिवशी वकिलाकडं गेलो, तर तो कपाळाला हात लावून बसला. दावा कवाच बाद झालेला. कोर्टाला उशीर दिसला, दुखवटा नाय दिसला.  आता मालकपन नायत.

विठाच्या पोरानं, रघूनं, मग सगळंच तुमच्या शेठला विकलं — त्यांचं घर, आमचं घर, मधलं अंगन. उल्हासनगरला ब्लॉक घेतला. मला राग नाय — म्हनजे हाय, पन करू कुनावर?

आत कोन खोकलं म्हनता? कोन नाय — बरं, विठाच हाय. ब्लॉकमधी तिला जागा झाली नाय. बोचकं घेऊन आली, मी काय दार लावू? जाऊ हाय माझी. तिला वाटतं दावा मिटला, म्हनजे सगळं जागच्या जागी राह्यलं. पोरानं तिचा अंगठा कशावर घेतला ते तिला ठाऊक नाय. रोज म्हनते, गोदू, तुझं घर हाय तोवर मला काळजी नाय.

हळू बोला. ती उठली वाटतं. निघा दादा, आज निघा — विचारलं तर सांगेन, पत्ता चुकलेला कोन मानूस होता.