अंगणातला डबा

—माझ्या शेगडीचा? माझ्या शेगडीचा धूर? अगं पिमचनोक, विद्यापीठात शिकवतेस ना तू, मग जरा नाक वापर की पोरी! वीस वर्षं झाली, च्यांग माईच्या या गल्लीत ही दुआंगमावशी काड्यांना टोचून डुकराचं मटण भाजतेय, एक गिऱ्हाईक शिंकलं नाही कधी—आणि तुझा हा हवा मोजणारा डबा महिनाभर आमच्या अंगणात उभा राहून म्हणतो, शहरातली सगळ्यात विषारी धूळ इथेच? कॅन्सर करणारी? आणि म्हणून मी शेगडी हलवायची? समोर डोंगर पेटलेत ते दिसत नाहीत, गरिबाची शेगडी बरी दिसते तुम्हाला! काय? आकडा रोज पहाटे सहाला उडी मारतो? बघ! बघ! मी शेगडी आठला पेटवते! सुटले बाई—म्हणजे, सहाला इथे कोण काय जाळतं ते मला काय ठाऊक?

अगं, तिकडे कुठे वाकतेस? ती राख—बरं, हो. उदबत्त्या आहेत. पण डब्याला उतरतं छप्पर कुणी दिलं? तुम्हीच ना? खांबावर इवलंसं घर, आत घुंऽऽ घुंऽऽ चाललेलं—इथे दारोदार भूमीदेवतेचं घर असतं तसंच, दुसरं काय वाटणार माणसाला? त्यात डब्यावरच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे लॉटरीला लागले, मग काय विचारतेस! अख्खी गल्ली लोटली. झेंडूचे हार, लाल सरबताच्या बाटल्या, आणि प्रत्येकीच्या नऊ-नऊ उदबत्त्या. मी नाही हं त्यातली, मी तिकीटच घेत नाही. माझं मागणं वेगळं आहे—माझ्या नवऱ्याचा, सोमनुएकचा खोकला. ऐकतेस ना वरून? माणूस झोपत नाही गं, बसून रात्र काढतो, मला बघवत नाही. डबा आला तेव्हा म्हटलं, घरी चालून आलाय देव, याला सांगू. रोज पहाटे नऊ लावल्या. खोकला वाढला. म्हटलं, कमी पडल्या असतील, अठरा लावल्या. आणखी वाढला, तर आता सत्तावीस लावते—मी काही चेंगट नाही देवाच्या बाबतीत! आणि उदबत्तीही साधी नाही, चांगली जाडजूड, तासभर जळणारी.

धूर कुठे जातो? हा काय प्रश्न झाला? इतकं शिकून हेच विचारायला आलीस? धूर वर जातो, आणखी कुठे जाणार? वर म्हणजे—वर त्याची खोली. खिडकी मी मुद्दाम उघडी ठेवते, देवाची नजर पडावी म्हणून, सगळा थेट त्याच्या—

...

नको, काही बोलू नकोस. शेगडीचं काय लिहायचं ते लिही, हलव कुठे हलवायची तिथे. आजच्या अजून जळतायत बघ. तू विझव त्या. माझ्या हातून नाही व्हायचं ते. विझव, आणि जा.