गणितात किती पडले?

अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरले सगळे मान्यवर, आज ज्यांना आपण निरोप देतोय ते सुभेदार दस्तगीर साहेब, त्यांच्या घरच्या गौसियाभाभी, आणि समोर बसलेल्या फौजी घरांतल्या माझ्या आयाबहिणींनो, सगळ्यांना नमस्कार.

मी नागम्मा, शिरूर अनंतपाळची. माईकसमोर बोलायची मला सवय नाही, पण साहेबांसाठी उभी राहिले. फौजेतनं आल्यावर साहेबांनी सैनिक कल्याणच्या कचेरीतनं इतकी वर्षं आपल्या लेकरांच्या शिक्षणाला सरकारी मदत मिळवून दिली, तीही घरोघर जाऊन. ही घरोघर जायची खोड एकदा त्यांच्या चांगलीच अंगाशी आली, ते सांगते.

कारगिलची लढाई चालू होती. आमचे हे तिकडंच. माझ्या लेकीचा, पुनमचा, दहावीचा निकाल लागलेला. तिच्या मैत्रिणी क्लाससाठी लातूरला निघालेल्या, हिचाही जीव तिकडंच. पण मला कसला क्लास अन् कसलं काय? गल्लीत गाडीचा आवाज आला की मी हातातलं काम टाकून दाराशी जायची.

एका दुपारी सरकारी जीप आमच्याच दारात थांबली. त्र्याण्णवच्या भूकंपापासून आमच्याकडं कुणी दाराला आतनं कडी लावत नव्हतं, पळायची वाट मोकळी पायजे म्हणून. त्या दिवशी मी लावली. पुनमला धरून फटीतनं बघते तर खाकीतला माणूस उतरला, दारासमोर आला आणि त्यानं डोक्यावरली टोपी काढली. झालं! साहेब, तुम्ही घाम पुसायला टोपी काढली, हे मला काय माहीत? शेजारच्या सिद्धम्मांनी तर रडायलाही सुरुवात केली.

साहेब बाहेरून ह्यांचं नाव घेऊन सांगत होते, बसवराज सुखरूप हाय, मी पुनमच्या शिक्षणाचं घेऊन आलोय, आज तुमची सही झाली न्हाई तर यंदाची मदत हुकल. कोण विश्वास ठेवतंय? वाईट सांगायला आलेला माणूस आधी असंच बोलतो. मी आतनं कडी आणखी घट्ट दाबून धरली. मग त्यांनी विचारलं, "पोरी, गणितात किती पडले?"

पुनम माझ्या मिठीतनंच बोलली, "दीडशेपैकी एकशे एक्केचाळीस."

"मग नऊ कुठं गेले?"

आता सांगा, तसली बातमी आणलेला माणूस गणिताचे मार्क विचारल का? मी कडी काढली. चौकटीतच उभ्या उभ्या सही केली.

हे परत आले, ते बघा, तिसऱ्या ओळीत बसलेत. पुनम त्या मदतीवर लातूरला राहून शिकली, नर्स झाली. मला वाटलं, सुटले बाई. तर पोरगी म्हणते, आई, मी फौजेच्याच दवाखान्यात जाणार. मी भांडले, जेवले नाही. साहेब, खरं सांगू? तवा तुमचा लई राग आला होता. ह्यासाठी दार उघडलं होतं का मी? पण ती बॅग भरताना इतकी खुशीत होती की शेवटी मीच तिच्यात चटणीचा डबा ठेवला.

साहेब, भाभी, तुमचे पुढचे दिवस सुखात जावोत. मला बोलू दिलंत, उपकार झाले. एक चूक मात्र झाली. सुरुवातीला सगळ्यांना मोबाईल बंद करायला सांगितलं होतं, मी केला नाही. पुनमची बदली लडाखला झालीय. काल सकाळी पोचल्या पोचल्या फोन करते म्हणाली होती, कालची सकाळ गेली, आजची गेली, अजून आला नाही. पदराखाली तो मुठीत धरूनच मी एवढं बोलले. तेवढं पोटात घाला.