गोपाळ मास्तरांची फियाट

देवगाव फाट्यावर सेलूच्या बसची वाट बघत बसलो होतो. शेजारच्या बाकावर एक वयस्क बाई होत्या. त्यांनी मांडीवर खोकं घेऊन बसलेल्या माणसाला विचारलं,

“भाऊ, खोक्यात काय हाय?”

“रेडिएटर हाय, मावशी. माझ्याकडं जुनी फियाट हाय, तिला नवा बसवायलोय. उन्हाळ्यात इंजिन थंड राहावं म्हणून.”

“आजून फियाट चालवता तुमी?”

“रोज. ब्रेक नवे टाकले, बेल्ट बसवले. इंजिन मातर मूळचंच हाय. मानवतच्या गोपाळ मास्तरांनी लेकरासारखी जपली होती ती गाडी. ते वारल्यावर घरच्यांनी दलालाला इकली, त्याच्याकडनं मी घेतली.”

“मीच इकली.”

“म्हंजी?”

“मास्तर माझे मालक. मला वाटायचं, गाडी कवाच भंगारात गेली असंल.”

“न्हाई मावशी, लय झकास हाय. मास्तरांना मी कधी बघितलं न्हाई, पण बोनेट उघडलं की आधी त्यांना हात जोडतो. इतकी निगा राखली होती त्यांनी.”

“देव तुमचं भलं करो, बाबा. त्यांच्या माघारी त्यांचं नाव असं कुणी काढलं न्हाई.”

“रेडिएटर बसला की गाडी मानवतला आणतो. तुमाला पुढं बसवून फिरवतो.”

“पुढं बसते की. पण स्टिअरिंगवर.”

“तुमाला चालवायला येती?”

“मास्तरांनीच शिकवली. बाई गाडी चालवती म्हणून लोक हसायचे, तवा ते मागच्या सीटवर बसून निवांत पेपर वाचायचे.”

“मग मीबी मागंच बसतो, मावशी.”