सासऱ्याच्या तीन मिशा

पहिली चूक माझीच, ते मी आधीच सांगून टाकतो, नाहीतर आमची घरची मधातच सांगून देईल. मी मूळचा सिहोऱ्याचा, घरी धानाची शेती, पण बांधीतल्या चिखलात माझा पाय कधी नीट पडला नाही, म्हणून तुमसरले राइस मिलच्या वजनकाट्यावर बसलो, बसलो तो बसलोच, आता केस पिकले. तर यंदा दिवाळीच्या आधी घरी प्रोजेक्टर आणला. त्याच्या मेनूत एक जाळी असते, काळ्यावर पांढऱ्या रेघा. आतून लाल, हिरवा, निळा असे तीन रंग निघतात, ते भिंतीवर बरोबर एकावर एक बसले तर रेघ पांढरी, नाहीतर कडेनं रंग बाहेर डोकावते. मले सगळीकडे रंगच रंग दिसले. दुकानाच्या माणसाले फोनवर असा झापला की तो भंडाऱ्याहून गाडी काढून आला, जाळी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं, म्हणे काकाजी, चष्मा काढा बरं, अन् भिंतीजवळ जाऊन पाहा. पाहतो तर रेघा पांढऱ्याफेक. माझ्या जाड चष्म्याच्या कडेतून ते रंग दिसत होते. तो चहा पिऊन हसत गेला, पोरगा हसला, साळ्याले फोनवर कळलं तर तोही हसला. ठीक आहे, हसा बापा.

पण एक खेप चुकलेला माणूस काय जन्मभर चुकतेच का हो?

कारण प्रोजेक्टर आणला होता तो माझ्या सासऱ्यासाठी. ते सानगडीचे, मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, नाटकात राजाचं काम करायचे, काय ती मिशी अन् काय तो आवाज. आता नाहीत. गावातल्या एकानं एका सालचं नाटक कॅमेऱ्यात घेतलं होतं, ते चालते-बोलते फक्त त्यातच आहेत. भाऊबीजेले सगळी भावंडं येणार तवा बाबाले भिंतभर दाखवायचं, हे घरचीनं मनात धरलं होतं. म्हणून आधी आम्ही दोघांनीच लावून पाहिलं. सुरुवातीले चांगलं होतं, मग मशीन जसजशी तापत गेली तसतसा राजा बिघडत गेला. काळ्या मिशीच्या वर एक लाल मिशी, खाली एक निळी.

मी चष्मा काढला. भिंतीले नाक लावून जाळी पाहिली. तरी रेघेच्या वर लाल, खाली निळं, कोपऱ्यात नाही, ऐन मधात. दुकानात फोन केला तर तो माणूस पहिलाच शब्द काय बोलला असन? काकाजी, चष्मा? मले असा राग आला की फोन ठेवून मी आंगणात दोन चकरा मारल्या.

शेवटी आला. थंड मशीन लावून म्हणे बरोबर आहे. मी म्हणलं बस, चहा पी, तापू दे तिले. तापली तशा रेघा फाटल्या. आता काय म्हणावं त्यानं? म्हणे तुमची भिंत निळी आहे. आता आमच्या इथं चुन्यात नीळ टाकल्याबिगर भिंत कोणी पोतते का? पण मी म्हणतो, भिंत निळी तर सारंच निळसर दिसन, रेघेच्या एकाच अंगाले निळं काहून सांडन? घरचीनं पेटीतून पांढरी चादर काढली अन् खिळ्याले टांगली. चादरीवरही तेच. त्यानं मेनूत जाऊन रंग सरकवून पाहिले, मधलं जुळलं तर कोपरे गेले, कोपरे जुळले तर मधलं गेलं. मग रिमोट ठेवून म्हणे, एवढं चालते काकाजी, दुरून कोणाले दिसते.

चालते. हा शब्द ऐकला की माझं डोस्कंच फिरते. मिलमध्ये बोऱ्यात खडे निघाले तर म्हणून पाहा कोणाले, चालते म्हणून. मी तोंड उघडणार तर घरची चादरीची घडी घालता घालता शांतपणे बोलली, बापू, तुझ्या बाबाले तीन मिशा दिसल्या असत्या तर तुले चालल्या असत्या का?

त्यानं मशीन खोक्यात भरली अन् कंपनीत पाठवतो म्हणून नेली. भाऊबीजेपर्यंत येऊन जाईल म्हणे. अजून येऊन राहिली.

भाऊबीजेले साळा आला, दोन्ही साळ्या आल्या. साळा म्हणे काय भाऊजी, कुठी आहे तुमची सिनेमा टाकीज? सगळे जुन्या टीव्हीपुढं खालीच बसले, गुडघ्याले गुडघे लावून, अन् मी मागं उभा राहून त्या दुकानवाल्याले मनातल्या मनात शिव्या घालत होतो. राजा आला, दरबारात ओरडला, धाकटी साळी पदरात तोंड घालून रडली. सगळे गेल्यावर मी घरचीले म्हणलं, पाहा, नेमक्या दिवशी इज्जत गेली, बाबा एवढुसे दिसले.

ती ताटं उचलत होती. म्हणे, लहान दिसले, पण एकच दिसले. चला, तुम्ही जेवून घ्या आता.