गाडीच्या पाठीवरचं नाव

मूळचे आम्ही ताडकळसचेच. घरात महादेवाची भक्ती, थोडी शेती आणि आम्ही दोघं भाऊ. थोरले विश्वनाथअण्णा हैदराबादला एका जहागीरदार घराण्यात ड्रायव्हर म्हणून गेले, आणि मी धाकटा शिवलिंग, शिकून गावच्याच हायस्कुलात मराठी शिकवू लागलो, अजूनही शिकवतो, म्हणून माझं बोलणं जरा पुस्तकी वाटेल, ते चालवून घ्या. अण्णांच्या मालकांकडे एक विलायती स्पोर्ट्स कार होती, दोनच माणसांची, जमिनीला टेकल्यासारखी ठेंगणी. मालक वारले. मुलांना गाडी नको होती, कारण ती चालवली तर पेट्रोल पिते आणि उभी केली तर पैसा खाते. शिवाय तेव्हा असल्या गाड्यांना कुणी विचारतही नव्हतं. त्यांनी ती कागदपत्रांसकट अण्णांना देऊन टाकली, आणि अण्णांनी ती ट्रकवर चढवून गावी आणली.

बाजाराच्या दिवशी लोक शेडमध्ये डोकावायचे. अण्णा, ह्याच्यात कडब्याच्या पेंढ्या किती बसत्यात, असं विचारायचे, अण्णाही हसायचे. दर सोमवारी ते गाडी सुरू करत, थोडी पुढं-मागं घेत, कारण उभ्या गाडीचे टायर एकाच जागी दबून चिरतात. रस्त्यावर मात्र कधी नेली नाही. आमच्या गतिरोधकांवर तिचं पोट घासलं असतं.

अण्णा गेले, त्यांना मूलबाळ नव्हतं, तेव्हा गाडी महानंदा वहिनींची झाली आणि खर्च माझा. काय सांगू तुम्हाला, ब्रेकचं रबर विलायतेहून मागवायचं, उंदरांनी वायरिंग कुरतडलं की परभणीहून मिस्त्री आणायचा, तो म्हणणार, गुरुजी, हिला हात लावायला भ्या वाटायलंय, आणि त्या भीतीचेही पैसे लावणार. पुन्हा बॅटरी, पुन्हा विमा. हे सगळं मी जेवताना बोलून दाखवत असे, आवाज न चढवता. माझा आवाज कधीच चढत नाही, पण हळू बोललेलंही लागतं, हे मला कळायला हवं होतं. वहिनी वाढता वाढता ऐकत. एकदा म्हणाल्या, भावजी, इकून टाका की, मला पूर्णेला माझ्या बहिणीजवळ दोन खोल्या घेऊन द्या, आमी दोघी खाणावळ चालवितो, रेल्वेची माणसं जेवायला लय येत्यात तिथं.

मी चौकशी केली. पुण्याचे एक शौकीन गृहस्थ, जुन्या गाड्या जमवणारे, फोटो पाहून फोनवर इंजिन आणि रंगाबद्दल खोदून विचारू लागले. मग म्हणाले, अशा गाड्या मुळात मोजक्या बनल्या, त्यात इंजिन मूळचं आणि रंगही कारखान्यातला, अशी तर शोधून सापडत नाही. त्यांनी किंमत सांगितली ती वहिनींनी मला दोनदा विचारून घेतली. दोन खोल्या काय, त्यात अख्खी चाळ आली असती. दसऱ्यानंतर येतो, तोवर आहे तशीच ठेवा, काही करू नका, असं ते म्हणाले. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे पाहुणा काही करू नका म्हणाला, म्हणून कुणी काही करायचं राहतं का? मला ती त्यांची भीड वाटली.

खंडेनवमी तोंडावर आली होती. त्या दिवशी आमच्याकडे नांगर, ट्रॅक्टर, फवारणीचा पंप, सारं घासून, रंगवून, भस्माचे पट्टे ओढून पुजतात. त्यात ही गाडी रंग विटलेली, ठिकठिकाणी तडे गेलेली. ट्रॅक्टर रंगवायला रऊफभाई आलेच होते. म्हटलं, हिलाही करून टाका. त्यांनी पॉलिश पेपर मारून जुना रंग पार उतरवला आणि ट्रॅक्टरचा लालभडक रंग दिला. शेवटी विचारलं, गुरुजी, मागं नाव काय टाकू? आमच्याकडे वाहन नावाशिवाय ठेवत नाहीत. आणि मी, जराही न थांबता, सांगितलं, शिवलिंग गुरुजी, ताडकळस.

वहिनी पूजेचं ताट घेऊन आल्या. पुढं भस्म लावलं, मागं गेल्या आणि वाचत उभ्या राहिल्या. भावजी, ह्यांचं नाव न्हाई टाकलं व्हय? एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, जागा पुरली नाही. जागा हातभर मोकळी होती.

पुण्याचे गृहस्थ आले ते शेडच्या दारातच थांबले. मग जवळ जाऊन त्यांनी दरवाजावरून बोट फिरवलं, जसं आजारी माणसाच्या कपाळावरून फिरवावं तसं. म्हणाले, गुरुजी, इंजिन उघडून नीट करता येतं, पण कारखान्याचा रंग एकदाच असतो. त्यांनी एका नव्या ट्रॅक्टरची किंमत देऊ केली. वहिनी दाराआडून म्हणाल्या, देऊन टाका भावजी, तेवढ्यात माझ्या खोल्या होत्यात. गाडी त्यांची होती, खोल्याही त्यांच्याच होणार होत्या. पण त्या आकड्यात माझा मूर्खपणा साऱ्या गावाला दिसला असता, आणि ते मला सोसवलं नसतं. मी म्हटलं, नाही, थांबू, भाव वाढेल. गृहस्थांनी चहा तसाच ठेवला आणि गेले. त्यानंतर कुणी आलं नाही. हे शौकीन लोक एकमेकांना ओळखून असतात. ताडकळसची गाडी रंगवलीय, हे सगळ्यांना कळलं.

पूर्णेच्या बहिणीनं दुसऱ्या बाईला सोबत घेऊन खाणावळ काढली. वहिनी आमच्याच घरात आहेत, आमच्याच चुलीवर भाकरी टाकतात. टायर, रबर, विमा, सगळं मी भरतो, आणि जेवताना काही बोलत नाही. गेल्या खंडेनवमीला मी रऊफभाईंना बोलावलं, म्हटलं, माझं नाव पुसा, अण्णांचं घाला. वहिनी ताट घेऊन उभ्याच होत्या. राहू द्या, म्हणाल्या, ह्यांची गाडी ह्यांच्या रंगासंगं गेली. ही तुमची हाय, तुमीच राखा. मग त्यांनी भस्माचे पट्टे ओढले, ताट माझ्या हातात दिलं आणि आत गेल्या.

महादेव त्यांना सुखात ठेवो, असं रोज म्हणतो. पण त्यांचं सुख एकदा दारात येऊन थांबलं होतं, आणि त्याला परत कुणी पाठवलं, हे महादेवालाही ठाऊक आहे.