तांड्याच्या वाटेवरचं बाळ

अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या बसमध्ये मागच्या सीटवरून दोघींचं मराठी बोलणं कानावर आलं, तसे प्रीताने इयरफोन काढले आणि ती ऐकू लागली.

"रुचा, पुस्तक वाचून रडतेस काय गं?"

"शेजारच्या चर्चवाल्या आजींनी दिलंय, काकू. जुन्या काळी बैलगाड्यांतून पश्चिमेकडे निघालेल्या बायकांची गोष्ट आहे. त्यातल्या एकीचं तान्हं बाळ वाटेतच जातं. रस्त्यातच पुरतात, आणि लांडग्यांनी उकरू नये म्हणून सगळ्या गाड्या त्या जागेवरून नेतात. खूणसुद्धा उरत नाही."

"अगं बाई! आणि ती?"

"येशूची प्रार्थना करते आणि मुकाट गाडीत चढते. तिच्यासाठी अख्खा तांडा कसा थांबेल?"

"मिटव ते आधी. तुझ्या ऋषीला सांग, सिएटलचा जॉब नको म्हणून."

"इथला गेलाय ना त्याचा. नाही गेलो तर व्हिसा जाईल. शुक्रवारी सामान न्यायला मूव्हर्स येतायत."

"आणि आपलं बाळ?"

"ते इथेच राहणार. त्याच्या दगडावर तर नावही नाही, काकू. बारसं कुठे झालं होतं?"

"चल, सिमेटरीचा स्टॉप आला. फुलं घे."

"केवढा बर्फ पडलाय! दगड अगदी जमिनीलगत आहे. जागा सापडेल ना?"

"न सापडायला काय झालं? हातांनी उकरू."